का पडलं

आमच्या वहीत पाच रकाने.
झाड. मालक. गट नंबर. घेर.
पाचवा ठमाबाईंनी आखला, पट्टीशिवाय, म्हणून तिरका:
का पडलं.

वनखात्याला तो लागत नाही.
घोडेगावच्या ऑफिसात पास देताना साहेबांचं बोट
चौथ्यापर्यंत सरकतं आणि सही होते.
आम्ही मात्र भरतो.
शिवण, इंदूबाई आढारी: वाऱ्यानं, शेजारच्या फणसावर.
फणस, त्यांचाच: शिवणीच्या भारानं.
बाभूळ, बांधावरची: भावाभावांची वाटणी.
ऐन: पडलाच नाही. ढोलीत धनेशाची मादी. परत आलो.

चैत्रात धावजी केंगल्यांचा रायवळ आला,
उभ्या जागी वाळलेला,
तीन ओंडके, ट्रॅक्टरच्या दोन खेपा,
बुंध्यावर गार्डच्या हातोड्याचा शिक्का.
भुश्शाला वाळल्या कोयीचा वास.
चौथ्या फळीला करवत किंचाळली.
पट्ट्याचे सात दात गेले.
हैबतीनं मशीन बंद केलं
आणि जे बोलायचं ते बोलला.

आत लोखंडी आकडा.
बोटभर जाड, झाडानं चहूबाजूंनी गिळलेला,
आणि त्याच्याभोवती वीतभर काळंनिळं,
सांडलेलं नव्हे,
चढलेलं, रेषेरेषेनं वर.

धावजींना बोलावलं.
काठी टेकत आले, फळीशी उकिडवे बसले,
आकड्याला हात लावला नाही.
म्हणाले, हा तागडीचा.
शेट हितं हिरडा मोजायचा.
आहुप्याच्या कड्यावरनं आणायचो आम्ही,
आई पाठीवर, मी डोक्यावर.
घरनं मण भरून निघायचं,
आंब्याखाली पस्तीस शेर.
आई म्हणायची, उतारावर हलका होतो हिरडा.
मला खरंच वाटायचं.

हिरडा आणि लोखंड एकत्र उकळलं की शाई होते,
हे ठमाबाईंना ठाऊक होतं.
आंब्यातही तसला तुरटपणा असतो, म्हणाल्या, थोडा.
"म्हणजे झाडानं लिहून ठेवलं की!" हैबती म्हणाला,
आणि स्वतःच लाजून
पट्ट्याला धार लावायला गेला.

बाणेरच्या एका बाईंना डायनिंग टेबलाला फळ्या हव्या होत्या.
इथलंच लाकूड हवं, पडलेल्या झाडाचं,
पण डाग नको.
मी फोटो पाठवला.
घासून जाईल का?
नाही जाणार. आरपार आहे.
त्यांनी उरलेल्या फळ्या घेतल्या, भाव न करता,
चांगल्या बाई.

फांद्यांच्या अकरा काथवटी, तीसेक पोळपाट.
ढलप्या ठमाबाईंच्या चुलीला,
भुस्सा कोंबड्यांखाली.
धावजींच्या बांधावर आगोटीच्या आत दोन खड्डे,
तेही आमच्यातच मोडतं.

पैसे वजनावर ठरले होते.
तुकडा तुकडा काट्यावर चढवला, त्यांच्यादेखत.
लाल आकडे उजळायचे, विझायचे.
त्यांना वाचता येत नाहीत.
नातीला वाचायला लावले,
प्रत्येक दोनदा.
सगळं झाल्यावर चपला काढून
स्वतःच काट्यावर चढले.
एकोणपन्नास, नात म्हणाली.
"उतारावरनं आलोय," म्हणाले.
हसले की नाही, कळलं नाही.

संध्याकाळी वही उघडली.
आंबा. धावजी गेणू केंगले. गट एकशे बारा. घेर सात फूट.
पाचव्यात मी लिहिलं: वाळून.
ठमाबाईंनी वाचलं, काही बोलल्या नाहीत,
फक्त पेनाचं टोपण
माझ्या हातातून घेऊन
जरा वेळ उघडंच धरलं.

फळी अजून भिंतीला टेकून आहे.
आकडा काढला नाही.
हैबती जाता येता त्याला
गमछा अडकवतो.